शालूच्या वहीतली कोरी जागा

महिना झाला. आमचे हे एसटी स्टँडवरून घरी आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "आसगावची शालू गेली म्हनते. कावीळ झालती." मग हात धुवायला गेले. मी भात वाढला... त्यांच्यासमोर रडायची सोय नव्हती. का, ते पुढे सांगते.

आणीबाणीच्या काळात शालू आणि मी भंडाऱ्याला बी.ए.ला होतो. इंग्रजीला एक जुनी कादंबरी होती. घरभर उपवर मुली, त्यांच्या लग्नांसाठी जिवाचं रान करणारी आई, इस्टेटीचा तोरा मिरवणारा एक श्रीमंत. सरांचं इंग्रजी आमच्या डोक्यावरून जायचं. शालू म्हणायची, "अवं, हे तं आपल्या आसगावचंच हाय!" वहीच्या शेवटच्या पानावर तिनं सगळी पात्रं लिहिली आणि प्रत्येकासमोर गावातलं एकेक माणूस बसवलं. मुलींच्या आईसमोर स्वतःची आई, श्रीमंताच्या हवेलीसमोर तलावापलीकडचा मालगुजारांचा बंगला. नायिकेसमोर बिनदिक्कत स्वतःचं नाव. एकच जागा कोरी राहिली. नायिकेनं नाकारलेल्या नवऱ्या मुलाशी तिचीच मैत्रीण लग्न करते, त्या मैत्रिणीची. शालू म्हणाली, "अशी आपल्याकडं कोनी नाही."

परीक्षेनंतर एक मास्तर तिला पाहायला येणार होते. तिनं मला विचारलं आणि मी शहाणीनं सांगितलं, "नाही पटला तं नाही म्हन. कादंबरीत तिनं नाही म्हटलं तं चांगलाच भेटला ना तिले!" मास्तर बैठकीत म्हणाले, "शिकलेली पाहिजे, पन जास्त बोलनारी नको." शालूनं पोह्यांचा ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "मंग राहू द्या. मलेही तुमी पसंत नाही." चार माणसांत मुलीनं मुलाला नाकारायचं! आसगावात हे कधी घडलं नव्हतं.

दोन महिन्यांनी तेच मास्तर मला पाहायला आले. माझ्या पाठीवर दोन बहिणी होत्या. मी मान खाली घालून होकार दिला. ते मास्तर म्हणजे आमचे हे. शालू लग्नाला आली, अक्षता टाकल्या, "सुखी राय" एवढंच म्हणाली.

कादंबरीतल्या नायिकेला दुसरा मिळाला. शालूच्या दारात पुन्हा कोणी आलं नाही. तिला ओलांडून धाकट्यांची लग्नं झाली. ती भावाच्या बांधीत, चिखलात वाकून, धानाचे रोवणे करत राहिली. डोळे पिवळे झाले तरी घरचे झाडपाल्यावर भागवत राहिले. भंडाऱ्याच्या दवाखान्यात आणलं तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. दवाखाना माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण मला कुणी कळवलं नाही. कळवावं असं मी काही ठेवलंच नव्हतं.

गेल्या आठवड्यात आसगावला जाऊन आले. तिच्या आईनं वही हातात दिली. "तुले द्याची म्हनत होती." परतीच्या एसटीत शेवटचं पान उघडलं. माझं नाव असणारच, अशी खात्री होती. लिहायला तिला दहा वर्षं होती... जागा कोरीच होती. रागानं का होईना, तिनं लिहायला हवं होतं. मला ते सोसलं असतं, हे सोसत नाही.

हा लेख आमचे हे वाचतील. वाचू देत. काल ते शाळेत गेल्यावर मी पेन घेतलं आणि त्या जागी माझं नाव लिहिलं.