मेळ्यातली जिलबी
गरम तुपाचा वास आला की ते अस्सल आहे का, हे मी आधी ताडतो, आणि दर वेळी मला मेळ्यातला तो हलवाई आठवतो. आमचं संस्थान केव्हाच भारतात विलीन झालं होतं, त्या वर्षी सरकारी कचेऱ्याही आमच्या शहरातून नव्या राजधानीला, भोपाळला, चालल्या होत्या, आणि टोपी बाजारात मी स्वतःच्या हिमतीवर उभ्या केलेल्या दुकानाचं अर्धं गिऱ्हाईक त्यांच्याबरोबर निघालं होतं. माझा कुणावरच भरवसा उरला नव्हता. कडाक्याच्या थंडीत आमचा दीड वर्षाचा मुलगा जिलबीकडे हात करून रडत होता, आणि मी हलवायाला विचारत होतो, "घी असली है या वनस्पती?" "बाबूजी, चख लो." चाखलं, पण पटलं नाही, म्हटलं, तुपाचा डबा दाखव. तो चिडला, मी त्याहून चिडलो. "अहो, तुमची तपासणी संपेपर्यंत पोर उपाशी झोपेल," बायको म्हणाली. इतक्यात रडणं थांबलं. वळून पाहतो तर शेजारच्या बाकावरच्या एक अनोळखी बाई आपल्या द्रोणातली जिलबी त्याला भरवत होत्या. "उद्या माझ्या दुकानात येऊन भाव पाडून मागायचा विचार दिसतोय," मी म्हणालो. बाई हसल्या. "कसलं दुकान? आमचं बिऱ्हाड उद्या सकाळी भोपाळला निघालंय. त्याला भूक लागली होती, एवढंच." मुलाने पुन्हा तोंड उघडलं, त्यांनी पुन्हा भरवलं. तो मुलगा आता स्वतःच्या पोरांना मेळ्यात नेतो. त्या बाई परत कधी दिसल्या नाहीत, आणि त्यात त्यांचा काय फायदा होता, ते मला अजूनही उमगलेलं नाही.