मंडईचा मेल

ईमेलची इभ्रत राखणारा माणूस या पृथ्वीतलावर आता एकच उरला आहे आणि तो सडक अर्जुनीहून जरा आत, आमच्या गावात, आमच्याच ओसरीवर आंघोळ करून बसलेला असतो. ते माझे सासरे. आमच्या भागात सासऱ्यांना मामाजी म्हणतात, म्हणून मीही मामाजीच म्हणेन. सुनेने सासऱ्याचं कौतुक केलं की शेजारच्या बायका लगेच एकमेकींकडे बघतात. वाटण्या जवळ आल्या वाटतं, असं त्यांच्या डोळ्यांत लिहिलेलं असतं. बघू द्या. मी गोंदियात वाढलेली, हिंदीत भांडणारी आणि मराठीत रुसणारी बाई आहे, तोंडपूजा मला जमत नाही. पण असा सासरा मला मिळाला याचा मला अभिमान आहे आणि तो मी चारचौघांत मिरवणार.

मामाजी धान पिकवतात. ईमेलशी त्यांची सोयरीक जुळली ती बियाण्याच्या एका तक्रारीतून. पेरलेलं उगवलं नाही म्हणून ते दुकानदाराकडे गेले, तर तो म्हणाला, कंपनीला मेल करा. दुसरा कोणी असता तर दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करून घरी आला असता. मामाजींनी माझ्या नवऱ्याला समोर बसवून मेल शिकून घेतला, तक्रार धाडली, आणि कंपनीचं उत्तर आलं : 'आदरणीय महोदय'. बियाण्याचं पुढे काहीच झालं नाही, पण तो 'महोदय' मामाजी आल्यागेल्याला दाखवत राहिले. "घरात मले कोनी महोदय म्हनते का?" असं त्यांनी आम्हा सगळ्यांना एकदा विचारूनही घेतलं. तेव्हापासून मेल म्हणजे आधी आंघोळ, मग 'विषय', मग 'सप्रेम नमस्कार' आणि शेवटी पूर्ण नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. एकदा मला स्वयंपाकघरात मेल आला, 'विषय : चहाबाबत'. ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्यात एक भिंत आहे, बस. दूध संपलंय, असं मी आतूनच ओरडून सांगितलं, तर म्हणाले, "ओरडून काऊन राहिली वो? उत्तर लिही." मी धुमसत 'विषय : दुधाबाबत' असं उत्तर धाडलं. त्यांनी ते चष्मा लावून वाचलं, मान हलवली, आणि स्वतः पिशवी घेऊन दूध आणायला गेले.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून ते केव्हाच बाहेर पडलेत. "सकाळपासून नुसती फुलं आन् देव. तिथं निमंत्रन देनं म्हनजे चौकात उभं राहून बोंबलनं," हे त्यांचं मत. मेल मात्र त्यांच्या लेखी घरी जाऊन, बाजेवर बसून, चहा पिऊन केलेल्या निमंत्रणाच्या तोलाचा. म्हणून नात्यातल्या सगळ्यांना, हवी असोत नसोत, मेलची खाती त्यांनी स्वतः उघडून दिली. पासवर्ड सगळे धानाच्या वाणांचे. कोणाचा लुचई, कोणाचा हिरानखी; चिचगडला दिलेल्या त्यांच्या एकुलत्या एका बहिणीच्या घरचा चिन्नोर, कारण त्याचा भात शिजला की वास शेजारी जातो. आणि या सगळ्यावर एक कडक नियम : ज्याला मेल केला त्याला फोन करून 'मेल केला' असं सांगायचं नाही. "मेलचा अपमान होते वो तो. पोस्टमनच्या मागं मागं कोनी जाते का?" असं त्यांचं म्हणणं, आणि त्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

आता मंडईबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे मंडई म्हणजे भाजीचा बाजार नव्हे. दिवाळी झाली की झाडीपट्टीतल्या गावागावात ठरलेल्या दिवशी मंडई भरते. दुकानं लागतात, पाळणे येतात, दुपारी दंडार होते, म्हणजे ढोलकीवरचा नाचगाण्याचा खेळ, आणि घरोघर पाहुणे उतरतात. लेकीबाळी माहेरी येतात त्या तेव्हा. पण बुलावा घरपोच झाला पाहिजे. नाही झाला तर सख्खा भाऊ येत नाही, आणि का नाही केला असं विचारतही नाही. झाला तर 'येतो' असं कोणी कळवत बसत नाही, सरळ येतो. मंडईच्या निमंत्रणाला उत्तर नसतं, पाहुणा असतो. मामाजी हा बुलावा अर्थातच मेलने करतात, प्रत्येकाला वेगळा लिहून.

गेल्या मंडईत एक घोळ झाला होता. दंडार बघायला पुढच्या रांगेत आमच्या घरचा सोफा नेऊन मांडला होता. चिचगडचे जवाईबापू, म्हणजे मामाजींच्या या बहिणीचे, आमच्या आत्याबाईंचे, यजमान, येईपर्यंत त्याच्यावर गावातले मोठे लोक बसून गेले, आणि जवाईबापूंच्या वाट्याला मागची प्लास्टिकची खुर्ची आली, तीही एका पायाने अधू. घरच्या जावयाला अधू खुर्ची. ते जेवले नाहीत, आत्याबाईंना घेऊन तशीच बस पकडली. जाताना एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्सी बुलावा आला तं पाहू." तेव्हापासून आत्याबाई माहेरी आल्या नव्हत्या. मामाजी वरून काही दाखवत नसत, पण दर सणाला त्यांची नजर रस्त्याकडे जायची ते मी पाहिलंय. यंदाचा चिचगडचा मेल ते कितीतरी दिवस लिहीत होते. त्याचा विषय होता 'मंडई व सोफा'.

आणि नेमकं तेव्हाच फोनने कळवलं की नवी आवृत्ती आली आहे. मामाजी अपडेटला नाही कधी म्हणत नाहीत. "जुनं बियानं किती वर्सं पेराचं?" असं म्हणून त्यांनी फोन चार्जिंगला लावला, त्याच्या उशाशी बसले आणि घरात मिक्सर लावू दिला नाही. फोन नवा होऊन राहिला म्हणे, आवाज नको. फोन उठला तो नवं रूप घेऊन. अक्षरं गोल, घड्याळ दिसायला मोठं. मेलचं ॲप मात्र जुनंच राहिलं. त्याचं या नव्या कारभाराशी पटेना, आणि पटत नाही हे ते कबूलही करेना. मेल पाठवला की नेहमीसारखा सुर्र आवाज यायचा, आणि मेल बाहेर न जाता आतल्या आत, पाठवायच्या मेलांच्या कप्प्यात जाऊन बसायचा. मामाजींनी आंघोळ करून, टॉवरकडे तोंड करून, सगळे बुलावे धाडले आणि निर्धास्त झाले.

मंडई दोन-तीन दिवसांवर आली असताना सडक अर्जुनीच्या बाजारात मला मामाजींची एक चुलत भाची भेटली. वांगी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "यंदा तुमच्या मंडईले मोठ्याच लोकांले बुलावा दिसते." म्हणजे तिला बुलावा पोचलाच नव्हता. घरी येऊन मामाजींचा फोन घेतला, तो कप्पा उघडला, तर सगळे मेल तिथेच, एकाखाली एक, आणि प्रत्येकाशेजारी एक बारकं चाक गरगर फिरत होतं. पासवर्ड पुन्हा टाकून पाहिला, तर फोन म्हणे चुकीचा आहे. मामाजींचा पासवर्ड कालीकमोद. ते भडकले. "माह्या बापानं पेरलेलं धान चुकीचं म्हनते हा?" मी त्यांना समजावलं की धानाचं काही चुकलेलं नाही, फोन पुढे गेला आणि ॲप मागे राहिलं. तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "चिचगडचा गेला का?" मी नाही म्हणून मान हलवली. मी म्हटलं, आत्ता सगळ्यांना फोन लावते, अर्ध्या तासाचं काम. तर म्हणाले, "नाही. मेल लिहिला आहे, तं मेलच पोचन. त्याच्यानं चालनं होत नसन तं मी नेतो. गाडी काढ."

अशी मी त्या दिवशी जगातली पहिली ईमेलची गाडी चालवली. एका एका घरी जायचं, मामाजींनी बाजेवर बसायचं आणि फोन पुढे करायचा : "हा तुमचा मेल. अडकला होता, घेऊन आलो." आणि समोरच्याने तो मोठ्याने वाचायचा, विषयापासून जिल्ह्यापर्यंत. सुरुवातीला लोक हसायचे. पण वाचता वाचता स्वतःचं नाव यायचं, पोराबाळांची विचारपूस यायची, आणि आवाज खाली यायचा. देवरीला हायवेलगत राहणाऱ्या एका मावसभावाला चष्मा सापडेना, तर मामाजींनी स्वतःचा काढून दिला. "तुहा मेल आहे, तूच वाच गा." बाहेरून ट्रकांचा आवाज, आत तो म्हातारा ओरडून 'सप्रेम नमस्कार' वाचतोय, आणि मामाजी जणू पहिल्यांदाच ऐकतोय अशा चेहऱ्याने ऐकतायत. मी निघाले होते कपाळाला आठ्या घालून. देवरी सोडून चिचगडच्या जंगलाच्या रस्त्याला लागलो तोवर पुढच्या मेलात काय आहे हे मीच विचारायला लागले होते.

चिचगडला जवाईबापू अंगणात बाजेवर बसले होते. ते उठले नाहीत. आत्याबाई दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. मामाजींनी फोन पुढे केला, पण जवाईबापूंनी तो घेतला नाही. स्वतःच्या खिशातून स्वतःचा फोन काढला, मेल उघडून सावकाश पाहिला आणि म्हणाले, "माह्याइथं तं काही आलं नाही."

"अडकला ना तो. हा पाहा, तुमच्याच नावाचा आहे."

"तुमच्या फोनात आहे तं तुमचा झाला. माह्या फोनात येईन तवा माहा."

मुद्दा बरोबर होता, पंचाईत हीच होती. मेलची ही शिस्त त्यांना मामाजींनीच शिकवलेली. मी मध्ये तोंड घालणार होते, गप्प बसणाऱ्यांतली मी नाही, पण आत्याबाईंकडे पाहिलं आणि शब्द गिळले. त्या भावाकडे अशा बघत होत्या की हा आता काय करतो यावर त्यांचं वर्ष ठरणार होतं. मामाजींनी फोनकडे पाहिलं. रात्री उशीजवळ घेऊन झोपतात तो फोन. खांद्यावरच्या दुपट्ट्याने त्यांनी तो पुसला आणि जवाईबापूंच्या शेजारी बाजेवर ठेवला. "मंग हा फोनच ठेवा. आता आला का नाही मेल तुमच्या घरी?" एवढं बोलून ते गाडीत येऊन बसले. परतीच्या वाटेवर त्यांचा हात सारखा रिकाम्या खिशाकडे जात होता. मला राहवेना. म्हटलं, असा फोन कोणी देऊन टाकतं का? तर म्हणाले, "निमंत्रन देल्यावर पाकीट वापस मांगते का कोनी?"

मंडईला सगळे आले. देवरीचे म्हातारे आले, वांगीवाली भाची पोरांसकट आली. मामाजी सोफ्याजवळ उभे होते आणि त्यावर कोणालाही टेकू देत नव्हते. सरपंच बसायला आले तर त्यांनाही सांगितलं, "हे जागा मेलमधली आहे, दुसरीकडं बसा." दंडारची ढोलकी वाजायला लागली, पाळणा फिरायला लागला, आणि मामाजींचं लक्ष बसच्या रस्त्याकडे. मी तर चुलीवर काय ठेवलंय तेही विसरले होते. मग बस आली. जवाईबापू उतरले, हातात दुपट्ट्यात गुंडाळलेला फोन. त्यांच्या मागे आत्याबाई, नवं लुगडं नेसून. "तुमचा फोन द्याले आलो," जवाईबापू म्हणाले. मामाजींनी विचारलं, "विषय वाचला का?" ते म्हणाले, "वाचला," आणि सोफ्याच्या मधोमध जाऊन बसले. मामाजींनी मागची ती अधू खुर्ची शोधून काढली आणि अख्खी दंडार तिच्यावर डुगडुगत पाहिली. त्या डुगडुगणाऱ्या माणसाकडे बोट दाखवून, हे माझे सासरे, असं मी त्या दिवशी ओळखीच्या आणि अनोळखी सगळ्या बायकांना सांगत होते.

मंडई होऊन गेली, पाहुणे पांगले, आणि एके दिवशी त्या मेलच्या ॲपचंही अपडेट आलं. त्याचं फोनशी पटलं, आणि कप्प्यात अडकलेले सगळे मेल एकदम सुटले. दुपारपासून फोन सुरू : मंडई पुन्हा आहे का? मामाजींनी एकालाही नाही म्हटलं नाही. "या ना. मंडई झाली तं का झालं, घर तं जाग्यावरच आहे." लोक हसले आणि आपापल्या घरीच राहिले. आत्याबाई मात्र दुसऱ्या दिवशी बसमधून उतरल्या, एकट्या, पिशवीत चारोळी घेऊन. "बुलावा आला, तं मी आली," म्हणाल्या. जवाईबापूंनीच त्यांना बसमध्ये बसवून दिलं होतं. आता माह्या फोनात आला, आता जावंच लागते, असं म्हणाले म्हणे. मामाजींनी मला बाजूला घेऊन बजावलं, "तिले सांगू नको मेल जुना आहे म्हनून." आणि स्वयंपाकघरात आत्याबाई मला म्हणाल्या, "मले का समजत नाही का वो, मंडई होऊन गेली ते? पर बुलाव्याबिगर माहेरी कशी येऊ? वर्सातून एकच येते. औंदा दोन झाले." मग संध्याकाळपर्यंत ती दोघं ओसरीवर बसून होती. मामाजींनी आत्याबाईंना तो मेल वाचून दाखवला, विषयापासून जिल्ह्यापर्यंत, आणि त्यांनी तो नीट ऐकून घेतला.

परवा फोनने पुन्हा कळवलं, नवी आवृत्ती आली आहे. मामाजी फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आले. मेल न लिहिता स्वतः आले, तेव्हाच मी ओळखलं की विषय गंभीर आहे. "याच्यानं पुन्हा मेल अडकन का वो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सांगता येत नाही मामाजी, अडकूही शकतो. ते आंघोळ करून आले, फोन चार्जिंगला लावला, आणि होकाराचं बटण दाबून त्याच्या उशाशी बसले. मी मिक्सर बंद केला.