वर्ग कुणाच्या घरी?

आपाकडे ब्लाऊज शिवायला टाकायचा, तर आधी आपलं नाव लिहावं लागे. कापड, माप, गळ्याचा आकार हे सगळं नंतर. शिलाई मशीनजवळ कागदाचे कपटे आणि पेन्सिलीचं एक थोटूक ठेवलेलं असे. एखादी म्हणायची, "आपा, तुमीच टाका की लिवून, मला कुठं येतंय." आपा मशीनवरची नजर न काढता म्हणे, "कापड तुजं, नाव तुजं, आन लिवू म्या? नाव न्हाय तर बलाऊज न्हाय." लग्नसराईत गावातल्या बायका तिच्या नावाने बोटं मोडत आणि नाव लिहायला शिकत. कारण अणदूरहून शिवून आणलेला ब्लाऊज काखेत काचे, आणि आपाचा कधी काचत नसे. आमच्या संस्थेला प्रौढ महिलांच्या वर्गासाठी कार्यकर्ती हवी होती, म्हणून मी धाराशिवहून तिच्या घरी गेले, तीही जरा ऐटीतच. तिने माझ्यापुढेही कपटा सरकवला.

गाव अणदूरच्या आसपासचं. नाव मुद्दाम सांगत नाही. तिथल्या लोकांशी मला अजून बोलायचं आहे. आपाचा नवरा एसटीत कंडक्टर होता, तो लवकर गेला. एक लेक, ती सोलापूरला दिलेली. मशिदीमागच्या गल्लीत आपाचं दोन खोल्यांचं घर. ती गावातल्या बाकीच्या बायकांसारखंच पातळ नेसे, तसाच डोक्यावर पदर घेई. पाठमोरी दिसली तर ही आपा की वर्गातली शांताबाई की कलावती, हे कळायला हाक मारावी लागे. फरक कळायचा तो तिने 'हो'ऐवजी "हौ" म्हटल्यावर. तिच्याहून थोराड बायकाही तिला आपाच म्हणत.

आपा वर्ग घ्यायला लागली. तो बाजाराच्या दिवशी दुपारी भरे, कारण त्या दिवशी रोजगाराला सुट्टी. जागा मात्र ठरलेली नव्हती. मी ग्रामपंचायतीचा हॉल मिळवून देते म्हटलं, तर आपाने ते उडवूनच लावलं. "तितं आल्या तर अक्षरं शिकत्याल आन घरी जात्याल. मला ह्यांला एकमेकीच्या घरात न्यायचंय." त्यामुळे दर आठवड्याला वर्ग एकेकीच्या घरी. लहानसा फळा आपाच्या डोक्यावर, मागे बायकांची रांग. आणि जिच्या घरी वर्ग, तिच्या घरचा चहा सगळ्यांनी प्यायचाच. मी अहवालात ह्याला 'फिरते अध्ययन केंद्र' असं गोंडस नाव दिलं. आपा हसली. "केंद्र कसलं गं. च्याची चटक हाय समद्यांला."

ही चटक सुखासुखी लागली नव्हती. भीमनगरात कलावतीच्या घरी पहिल्यांदा वर्ग गेला, तेव्हा शांताबाईला अचानक उपास आठवला. शांताबाई म्हणजे गावातल्या मोठ्या बागायतदाराच्या घरची थोरली सून. आवाज खणखणीत, मनाने वाईट नाही. आपा म्हणाली, "उपासाला च्या चालतो की."

"माजा कडक हाय," शांताबाई म्हणाली.

पुढच्या खेपेला कलावतीचं घर आलं, पुन्हा कडक उपास. आपाने वाद घातला नाही. पण शांताबाईच्या घरी वर्ग गेला, त्या दिवशी तिने समोर आलेला कप खाली ठेवला. "मलाबी आज कडक हाय." तिचं बघून कलावतीने ठेवला, मग एकेक करत सगळ्यांनीच. पातेलंभर आल्याचा चहा आणि प्यायला कोणी नाही. शांताबाई लालेलाल झाली. काही आठवडे ती वर्गाकडे फिरकली नाही. मग एका बाजाराच्या दिवशी आली, ती थेट कलावतीच्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, "आण गं तुजा च्या. साखर कमी टाक." आपा फळ्यावर जोडाक्षरं लिहीत होती. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला मात्र त्या दिवशी आपण कुठल्या तरी मोठ्या कामात आहोत असं वाटलं होतं.

मग ते वाईट दिवस आले. कुणाच्या तरी पोराने मोबाईलवर काहीतरी ठेवलं, दुसऱ्या कुणाच्या पोराने त्यावर काहीतरी लिहिलं. पारावर पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली. कुणाचं डोकं फुटलं नाही, हे खरं. पण गाडी गेल्यावर लक्षात आलं, की आपाच्या गल्लीत आता बायका येत नाहीत. बंदी अशी कुणी घातली नव्हती. दवंडी नाही, ठराव नाही. घरोघरच्या पुरुषांनी आपापल्या घरात तेवढं सांगून टाकलं होतं. ब्लाऊज अणदूरला जाऊ लागले, काचले तरी. वर्ग 'सध्यापुरता' ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये हलवा, असं गावातल्या चार मोठ्या माणसांनी सुचवलं. आपाने ते निमूटपणे ऐकलं, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

अशात परदेशी पाहुण्यांचा निरोप आला. वेगवेगळ्या देशांत मोठ्या माणसांना शिकवणारी ही मंडळी. निरनिराळ्या धर्मांचे लोक एका वर्गात कसे शिकतात, हे बघायला ती आपल्याकडे येणार, आणि मग आमच्यातल्या काहींनी तिकडे जायचं, अशी ती देवाणघेवाण होती. आमचा वर्ग त्यांना कुठल्याशा अहवालात सापडला होता, बहुधा माझ्याच. मी आपाला म्हटलं, "नको म्हणून कळवू का? आत्ता इथं काय दाखवणार?"

"येऊ दे की," आपा म्हणाली. "पाव्हणं येणार म्हनलं की मानूस घर झाडून काढतंय. गावबी काढंल."

तिचा हिशेब सरळ होता. पाहुण्यांना वर्ग घरोघर फिरतो हेच बघायचं आहे. मग त्यांच्या देखत तो तिच्या घरी येईल, आणि एकदा आला की पुन्हा यायचा थांबणार नाही. ती त्या गल्लीत एकटी पडली होती, आणि ह्या एका दिवसावर तिने सगळी आशा ठेवली.

तयारीची बैठक हॉलमध्ये झाली. आमच्या संस्थेचे साहेब सज्जन गृहस्थ, पण त्यांना एकच काळजी पोखरत होती. "अहो, ही माणसं एवढ्या लांबून येणार. ह्या सगळ्या बायका त्यांना सारख्याच दिसतील. विविधता दिसायला तर हवी." गावच्या मंडळींनाही ते पटलं. तिथल्या तिथे ठरलं, की धर्माप्रमाणे वेगवेगळ्या चटया टाकायच्या. चटईसमोर धर्माच्या नावाची पाटी. त्या त्या सणाचा एकेक पदार्थ. शांताबाई आणि मंडळींनी नऊवारी नेसायची, कलावतीकडच्यांनी पांढरी साडी. आणि आपाने बुरखा घालायचा.

"म्या कवा घातलाय?" आपाने विचारलं.

"एका दिवसापुरता हो, आपा. फोटोत कळायला हवं ना."

"न्हाय कळलं तर बरंच हाय की."

कोणी हसलं, कोणी घड्याळाकडे पाहिलं. मी तावातावाने काहीतरी बोलले आणि साहेबांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. पण आपा विचारात पडली होती. थोड्या वेळाने तीच उठून त्या चार माणसांसमोर उभी राहिली. "घालते. तुमी म्हनाल तसं बसते. पन पाव्हणं गेल्यावर वर्ग पयल्यासारका माज्या घरी येऊ द्यायचा. बोला."

"बघू की," त्यांच्यातला वडीलधारा म्हणाला. आपाने तो होकार धरला. बाहेर आल्यावर मी तिच्यावर चिडले, तर म्हणाली, "दोन तासाचं सोंग हाय गं. वर्ग मोडण्यापरास बरं." बुरखा तिने नळदुर्गच्या भाचीकडून मागून आणला. तो तिला पायात येत होता.

पाहुणे आले. हलगी वाजली, फेटे बांधले, औक्षण झालं. मी दुभाषी म्हणून चटईचटईवर फिरत होते. शांताबाईच्या चटईवर पुरणपोळी, कलावतीच्या चटईवर खीर. वर्षानुवर्षं एकमेकींच्या लिहायच्या पाटीत डोकावून नक्कल करणाऱ्या बायका आता एकमेकींकडे बघतही नव्हत्या, कारण मध्ये फोटोवाला उभा होता. वर्गात मुसलमान अशी तीच, म्हणून 'मुस्लिम' पाटीमागे आपा एकटी. समोर शिरखुर्म्याचा डबा. मला तिच्याकडे बघवेना.

पाहुण्यांत पांढऱ्या केसांची एक उंच बाई होती. तिच्या देशात ती तुरुंगातल्या बायकांना शिकवत असे. ती आपाजवळ मांडी घालून बसली आणि मला म्हणाली, हिला विचारा, ह्या वर्गात येऊन किती दिवस झाले? घरून परवानगी सहज मिळाली का?

मी विचारायच्या आत शांताबाई पलीकडून ओरडली, "ती शिकाया न्हाय आली! तिनंच तर शिकवलंय समद्यांला!"

मी ते सांगितलं. त्या बाईचा चेहराच बदलला. तिने आपाचे दोन्ही हात धरले आणि भराभरा विचारत सुटली. वर्ग इथेच भरतो का? नाही? घरोघर? मग आज कुणाच्या घरी?

आपा उठली, पायात येणारा बुरखा तिने मुठीत धरला. "आज माजा नंबर हाय. चला."

गावच्या मंडळींनी पुढे बघायच्या नळदुर्गच्या किल्ल्याला उशीर होईल म्हणून पाहिलं, साहेबांनीही पाहिलं. पण पाहुणे चप्पल घालून निघालेसुद्धा. त्यांच्यामागे वर्गातल्या बायका निघाल्या. हापशापर्यंत सगळ्या एकत्र चालल्या. तिथून आपाची गल्ली वळते. हापशाजवळ शांताबाईचा दीर आणि आणखी काही पुरुष नुसते उभे होते. शांताबाई थांबली. तिच्यामागच्या थांबल्या. कलावती दोन पावलं पुढे गेली होती, तिने मागे पाहिलं आणि तीही उभी राहिली. त्या पुरुषांच्या शेतात तिला दुसऱ्या दिवशी खुरपायला जायचं होतं. मला तिचा राग आला नाही.

त्या उंच बाईने वळून विचारलं, बाकीच्या का नाही येत?

मी आपाकडे पाहिलं. आपा म्हणाली, "सैपाक पडलाय म्हनावं त्यांला. सांजच्याला गडबड असती."

मी तेच सांगितलं. तिच्या घरी चटईवर धुतलेल्या कपबश्या मांडून ठेवल्या होत्या, वर्गातल्या सगळ्यांना पुरतील एवढ्या. कलावतीच्या धाकट्या लेकीच्या लग्नात वाटलेल्या फुलाफुलांच्या, शांताबाईने कधीतरी दिलेल्या सोनेरी काठाच्या. पाहुण्यांनी त्यांतल्या चार-पाच उचलल्या. चहा फार चांगला झाला होता. त्या बाईने दोनदा घेतला.

कार्यक्रम यशस्वी झाला. साहेबांना तिकडून छान पत्र आलं आणि पुढे इतर पाहुणेही तसाच कार्यक्रम बघायला येऊ लागले. त्यामुळे चटया आणि पाट्या हॉलच्या कोपऱ्यातच राहिल्या. आपा त्या चार माणसांकडे विचारायला गेली की उत्तर मिळे, "जरा निवळू द्या, बघू की." ती हॉलमध्ये शिकवत राहिली. बायका येत, आपापली चटई ओढून बसत. वाईट मनाने नव्हे, सवयीने. आपा एकीला उठवून दुसरीजवळ बसवी, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

एका बाजाराच्या दिवशी मीही तिथे होते. लग्न होऊन गावात नवी आलेली एक पोर दारात आली. नम्रपणे पदर सावरत तिने आपालाच विचारलं, "बाई, आमची चटई कंची?"

आपाने खडू माझ्या हातात दिला. "आज तू शिकीव," म्हणाली आणि घरी गेली. थोड्याच दिवसांत लेक येऊन तिला सोलापूरला घेऊन गेली. एसटीपर्यंत पोचवायला मी आणि कलावती होतो. शांताबाई आली नाही, पण तिने शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी पाठवली होती. आपाने ती मांडीवर घेतली.

गेल्या वर्षी मी सोलापूरला तिला भेटायला गेले. थकली आहे. आजूबाजूला सगळी तिच्याच लोकांची वस्ती; येता-जाता माणसं सलाम करतात. "करमतंय का?" विचारलं तर म्हणाली, "हितं कुणाच्या घरी जायला धाडसच लागत न्हाय गं. मजा न्हाय." मग एकेकीचं नाव घेऊन विचारत राहिली. कुणाला नातू झाला, कुणाची दृष्टी गेली.

"वर्ग हाय का चालू?"

"चालू आहे. हॉलमध्येच. आता खुर्च्या मिळाल्यात."

"आन च्या?"

"समोरच्या हॉटेलातून येतो. कागदी कपात."

"म्हंजी कप धुवायचाबी न्हाय, कुणाच्या घरात पाय टाकायचाबी न्हाय."

"नाही."

मी घाईघाईने सांगितलं, की वर्ग मोडलेला नाही, उलट पट वाढलाय, बायका आता अर्ज भरतात, मोबाईलवर मराठीत लिहितात. ती सगळं नीट ऐकत होती. मग तिने मला अगदी खरंच कळत नसल्यासारखं विचारलं,

"मग शिकत्यात काय गं?"