साधनाताईंचा जड पॉवर सप्लाय

पोंभुर्ण्यात साधनाताईंचा टायपिंगचा वर्ग एकाच कॉम्प्युटरवर चालायचा. विजेच्या चढउतारानं त्याचे दोन स्वस्त पॉवर सप्लाय जळाले होते. तिसराही जळला, तर वर्ग बंद पडणार होता.

चंद्रपूरच्या दुकानात दोन खोक्यांवर वॉटचा आकडा सारखाच होता. ताई मासे धरून विकणाऱ्या ढिवरांच्या घरातल्या. त्यांनी दोन्ही हातांत एकेक पॉवर सप्लाय घेऊन तोलला.

"मासोळ्या घेऊन राह्यल्या का, बाई?" दुकानदार हसला.

"हलक्यात तांबं कमी राह्यते, भाऊ. जडवालाच द्या."

"महाग पडंल नं!"

"स्वस्तातले दोन जाळून झाले. थकली मी आता. अर्धा तास चालवून दाखवा, मंगच नेते."

दुकानदारानं तो दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडला. त्याच्यातला पंखा संथ फिरू लागला. स्टुलावर बसल्या बसल्या ताईंचा डोळा लागला. अर्धा तास उलटून गेला, तरी दुकानदारानं त्यांना उठवलं नाही.