पिना मारलेला धडा

मी नववीत असताना, शनिवार पेठेतल्या आमच्या शाळेत विज्ञानाच्या बाईंनी प्रजननाचा धडा शिकवलाच नाही. उलट प्रत्येकीच्या पुस्तकात त्या पानांना स्टेपलरच्या पिना मारल्या. मी नखानं पिना उचकटून धडा वाचला. उगाच रडणं, चिडणं, कुणीतरी आवडायला लागणं, यामागे संप्रेरकं असतात आणि ती मेंदूही बदलतात, असं तिथं छापलेलं होतं. म्हणजे मला वेड लागलेलं नव्हतं! बाईंनी पकडलं, "निर्लज्ज" म्हणाल्या आणि तासभर वर्गाबाहेर उभं केलं.

आता मी वारज्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या महिन्यात पालकसभेला त्याच बाई नातीला घेऊन आल्या. त्यांनी मला ओळखलं नाही.

"अहो मॅडम, हिचं डोकंच फिरलंय. कारण नसताना रडते, दारं आपटते. जरा समजवा हिला."

मी तोच धडा उघडून पुस्तक त्यांच्या हातात दिलं. "आपणच वाचून दाखवा तिला. मोठ्यानं. उभं राहून."

त्या उठल्या आणि दुसऱ्याच ओळीला अडखळल्या. नात बघत होती.

"वाचा ना बाई," मी म्हणाले. "मी पिना तेव्हाच काढल्यात."