न्हाव्याच्या टीव्हीत सेट आधी संपतो

ह्याचा शेवट ओळखून दाखवा. ओळखलात तर पठाणी शिवून देतो, शिलाई मफी, एक पैसा नाय. इथे बहरीनमध्ये, बाब अल बहरीन दरवाज्याच्या मागच्या गल्लीत मी शिंपी. मशीनखाली चिंध्या साठतात तसे किस्से साठतात. झाडू मारला तरी संध्याकाळी परत तेवढेच. पण नझीरच्या ह्या चिंध्या बघितल्या की डोकं फिरतं माझं.

नझीर एसीवाला. माझ्याच रत्नागिरीचा, इथे नईम मोहल्ल्यात माझ्याच खोलीत राहतो. कंपनीचं तिकीट मिळालं की लेकीचा निकाह लावायला घरी जायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. त्याला डॉमनिकनं नादाला लावलं. डॉमनिक वसईचा, हॉटेलात काउंटरवर, टाय लावतो.

टेनिसच्या मॅचचे तुकडे असतात, त्याला सेट म्हणतात. हा सेट अमका जिंकेल वाटलं तर मोबाइलवर साठ सेंटला घ्यायचा. जिंकला तर एक डॉलर, हरला तर खलास. भाव घटकेत वर, घटकेत खाली.

मी म्हटलं, जुगार आहे. डॉमनिक म्हणतो, "चाचा, जुगार नाय, ट्रेडिंग. शिकलेली माणसं करतात."

"कसाई पण बकऱ्याला आधी पाला घालतो बाबा. तो काय पाहुणचार?"

*

एकदा नझीर हलव्याचा डबा घेऊन गल्लीभर फिरला. त्याची खेळाडू मॅच जिंकली होती. मी दोन तुकडे खाल्ले आणि विचारलं, तू नेमकं घेतलेलंस काय? म्हणे, दुसरा सेट. बाई पहिला जिंकलेली, तिसरा जिंकलेली. दुसरा हरलेली! मॅच बाईची, पैसे गेले नझीरचे. हलवा वाटून झालेला, परत कुठून मागणार? मी तिसरा तुकडा पण उचलला.

*

समोर न्हाव्याकडे डिशवर तीच मॅच लागते. नझीर माझ्या दुकानात बसून मोबाइलवर बघायचा. मोबाइलवर सगळं मागून येतं, डिशवर होऊन गेल्यावर. एक दिवस मी न्हाव्याच्या खुर्चीत बसलो आणि तिथूनच ओरडायला लागलो, आता बॉल जाळीत, आता हा बाहेर मारणार. नझीरचं तोंड उघडंच. चाचा, तुम्हाला कुठून कळतं? म्हटलं, दाढीत येतं.

संध्याकाळी खरं सांगितलं. "अरे येड्या, मी अंगठाछाप तुझ्याआधी बघतो. मग तुला भाव विकणारे काय डोळे मिटून बसलेत?"

वाटलं, अक्कल येईल. दुसऱ्या दिवसापासून हा सकाळ-संध्याकाळ न्हाव्याकडे, टीव्हीसमोर दाढी करायला. गाल सोलून निघाला. शेवटी न्हावीच म्हणाला, "भाई, अब बाल ही नहीं है, क्या काटूं?"

*

मग कळलं की डॉमनिक जेवढी माणसं ह्यात घुसवतो, त्या प्रत्येकामागे त्याला कट मिळतो. त्याची पँट माझ्याकडे उंची कमी करायला आलेली. उंची कमी केली. आणि चारही खिसे शिवून टाकले, डबल शिलाई.

भांडायला आला. म्हटलं, "दुसऱ्याच्या खिशात हात घालतोस, तुला स्वतःचा कशाला लागतो?"

*

नझीरच्या लेकीचा निकाह ठरला. मी नझीरला शेरवानी शिवली, पैसे घेतले नाय. तुला कबूल आहे का, असं लेकीला विचारायला बापच जाणार होता. मग कळलं, ह्यानं कंपनीकडून तिकिटाऐवजी रोख घेतले आणि एका सेटवर लावले. गेले. अख्खी गल्ली गोळा होईपर्यंत मी त्याला शिव्या घातल्या.

निकाहच्या दिवशी नझीर शेरवानी घालून माझ्याच दुकानात स्टुलावर बसला. गावच्या पोरांनी हॉलमधून लाइव्ह लावलेला, तो मोबाइलवर बघत होता. लेकीला विचारायला बापाच्या जागी चुलता वर बायकांकडे निघाला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बायको, त्याच हॉलमधून. मागे बायकांचा हसण्याचा आवाज. म्हणाली, मुबारक हो.

नझीरच्या मोबाइलवर चुलता अजून जिना चढत होता.

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं.

"चाचा," म्हणाला, "सांगू नका."