लुळ्या हातातली दोरी

माझा म्हातारा नवरा पाण्याखाली गेला तेव्हा वर फक्त त्याचा खांद्यावरचा दुपट्टा तरंगत होता. मी ओरडले नाही. तलावाच्या पाळीवर ऐकायला कोणी नव्हतं... आणि मला पोहता येत नाही.

भूतबित मी मानत नाही. तलावात बुडालेल्यांच्या गोष्टी गावातल्या पोरींना मीच सांगते, त्यांनी खोल पाण्यात जाऊ नये म्हणून. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी वाटतं.

तलाव आमच्या गावचा, आंधळगावच्या अलीकडचा. श्रावण सरत आलेला, दुपारची वेळ, पाणी गढूळ. अशा पाण्यात मिशावाली मोठी मासोळी डोळ्याने नाही, वासाने खाणं शोधते. म्हणून गळाला काय लावायचं यावर आमचं रोज भांडण. मी शेणखतातली गांडुळं लावते. म्हातारा कोंबडीची आतडी डब्यात घालून उन्हात ठेवतो, चांगली वास मारू लागली की गळावर दोऱ्याने गुंडाळतो. दोरा नसला तर बारक्या मासोळ्या सगळं ओरबाडून नेतात.

"गांडुळं कायले लावतेस वं? त्याले बेंडकी तरी लागते काय?"

"अन तुमाले मोठी लागली तं ओढन कोन? तो हात?"

त्याचा उजवा हात लकव्याने गेलेला, बरीच वर्षं झाली. भंडाऱ्याला दाखवलं, मालिश केली, फिजिओथेरपी केली – बोटं काही मिटली नाहीत. म्हणून तो गळाची दोरी कमरेच्या करदोड्याला बांधायचा. नायलॉनचा जाड काळा करदोडा. मी रोज बोलायची, तो रोज हसायचा. "कमरेत ताकद हाये ना अजून."

गळ टाकण्याआधी तो मूठभर आतडी तशीच पाण्यात टाकायचा, गळाशिवाय. त्याचा बापही टाकायचा.

"फुकट घालवता," मी म्हटलं.

"ज्याचं खातो त्याले एक घास देऊ नाही काय?"

मला ठाऊक आहे, वासाने मासोळ्या गोळा होतात, बाकी काही नाही.

मग त्याची दोरी ताठ झाली. "पाह्य, आतड्यालेच आली," एवढं म्हणाला आणि ओल्या चिकणमातीवरून बसल्या बसल्या घसरत गेला. मी दुपट्टा धरला. दुपट्टा हातात आला, मग तोही पाण्यात सुटला.

गुडघाभर पाण्यात उभी होते. पुढे खोल होतं. तेवढ्यात माझी गळाची काठी हलली. मी ती दगडांत खोचून ठेवली होती, दोरी अगदी उलट्या बाजूला टाकलेली. मासोळी ओढते तेव्हा दोरी थरथरते. ही थरथरली नाही. माणूस दुसऱ्याला दोरी देताना "हं, धर" म्हणून ओढतो ना, तशी एकदाच ओढली गेली.

मी ओढत राहिले. ओल्या पोत्यासारखं जड काहीतरी आलं. म्हातारा होता. माझी दोरी त्याच्या उजव्या मुठीत होती. लुळ्या हाताच्या. काठावर मला त्याचं एकेक बोट ताकद लावून उघडावं लागलं. करदोडा कमरेला नव्हता. तो मासोळीने नेला असेल, ते मी समजू शकते.

पाणी ओकून झाल्यावर तो म्हणाला, "दोरी तू देल्ली काय वं हातात?"

"मी वर होती."

"मंग खाली कोन होतं?" त्याने लुळा हात डाव्या हाताने उचलून पाहिला. "त्यानं माही बोटं मिटून देल्ली. एकेक. मायनं ल्हान लेकराची मिटावी तशी... हात गरम होता त्याचा."

मी त्याला गप्प बसवलं. माझे हात मात्र पाण्याकडे आपोआप जोडले गेले, आणि भीतीने नव्हे. देवळात जाऊनही मला कधी तसं झालेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, जिवावर बेतलं की कधीकधी अंगात ताकद येते. येत असेल. पण उलट्या बाजूची दोरी त्या हातापर्यंत कशी आली, हे त्यांना सांगता आलं नाही. मलाही येत नाही. हात त्या संध्याकाळपासून पुन्हा लोंबतो आहे.

आता गळ टाकण्याआधी मूठभर चारा मीच टाकते. गांडुळंच टाकते, आतडी नाही. म्हातारा बाजूला बसून नाक मुरडतो. दोरी माझ्या हातात असते.

त्या दिवशी पाण्यात म्हातारा होता, काठावर मी होते. दोघंही जिवंत आहोत; तो घास मी खालच्या तिसऱ्यासाठी टाकते.